होक्याची चिमूट

होक्याचा दिवस उजाडला की सांगलीतले हलवाई शटर अर्धं ओढून बसत. सकाळी एकदा का पोरांचे होके बोलू लागले, की पेढ्यांसाठी अशी झुंबड उडे की विचारू नका. गेल्या साली तर एका गृहस्थाला कुठंच पेढे मिळेनात. त्यानं म्हशीच्या पेंडीचे गोळे वळले, वर वेलदोडा भुरभुरला आणि गल्लीभर वाटून टाकले. खाणाऱ्यांनी 'यंदा मावा जरा जाड लागतोय' एवढंच म्हटलं आणि दुसरा उचलला.

होका म्हणजे होकायंत्र. दहावीचा निकाल लागला की थोड्याच दिवसांत राज्यातल्या प्रत्येक पोराच्या घरच्या फोनवर ते बोलायचं. पोरानं पुढं काय शिकावं आणि कुठं शिकावं, बस्स. फार पाल्हाळ नाही. पण त्या दोन वाक्यांपुढं बापाचं चालत नसे, मामाचं चालत नसे, आणि क्लासवाल्यांचं तर मुळीच नसे. त्यांच्या मोठमोठ्या इमारतींत आता मंगल कार्यालयं चालत, आणि ज्या फळ्यावर पूर्वी टॉपरचे फोटो लावत तिथं नवरा-नवरीची नावं झेंडूच्या फुलांत लिहिलेली असत.

शंभर फुटी रोडला सन्मती मगदूमचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं आणि दुकानाच्या डोक्यावर घर. त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. एक तर सन्मतीची एकुलती एक लेक निहिरा, जिनं गणिताच्या पेपरात मास्तरांना लाल पेन वापरूच दिलं नव्हतं. त्यात तिची सख्खी आत्ती म्हणजे डॉ. वृषाली मगदूम. हे होकायंत्र जिनं जन्माला घातलं तीच अर्थशास्त्रज्ञ बाई. शेजारच्या चौगुले काकू पुढची जागा मिळावी म्हणून सकाळच्या पोह्यांनाच येऊन बसल्या होत्या.

वृषाली खिडकीपाशी शांत बसली होती. काय ऐकायला मिळणार हे तिला पाठ होतं. भुवनेश्वरला दहावीनंतर थेट गणितच शिकवणारी एक संस्था होती. देशभरातून ओंजळभर पोरं घ्यायची. निहिरानं तिची परीक्षा दिली होती आणि जागा मिळवलीही होती. ती पक्की करायची मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत होती. यंत्रानं फक्त हो म्हणायचं बाकी होतं. या पोरीला गणित किती आवडावं? दुकानाच्या शटरवर आतून खडूनं प्रमेयं मांडायची ती. गिऱ्हाईक आलं की सन्मती शटर वर ढकलायचा आणि सगळं गणित वर गुंडाळलं जायचं. मग ही बया शटर खाली यायची वाट बघत पायरीवर बसून राहायची, आणि मध्येच एकटीच हसायची. उत्तर सुटलं की हसायची तिला खोडच होती.

फोन बोलला.

"निहिरा सन्मती मगदूम. वृद्धसेवा पदविका. मिरज."

 सगळ्यांत आधी चौगुले काकूंचा श्वास सुटला. "मिरजेत? म्हणजे रोज घरी! बरं झालं गं त्रिशला, पोर डोळ्यांसमोर राहिली."

त्रिशला, निहिराची आई, दारात उभी होती. संधिवातानं तिची बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकली होती. ती हसली आणि हात पदराखाली घेतले.

"मी म्हटलं नव्हतं?" सन्मती मांडीवर थाप मारत म्हणाला. "होका डोकं ठिकाणावर ठेवून बोलतोय. म्हाताऱ्यांना काय तोटा हाय? गल्लीत बघा, पोरांपेक्षा कवळ्या जास्त निघतील. पगार पण दणकून देतात."

त्यात खोटं काही नव्हतं. राज्यात म्हातारे उदंड झाले होते आणि त्यांना उठवणारे-बसवणारे हात हुडकूनही मिळत नव्हते. वृद्धसेवेच्या पोरांना कॉलेजच्या फाटकातूनच नोकरीवाले उचलून नेत. म्हणून तर कुणाला आश्चर्य वाटलं नाही. माना डोलल्या, पेढ्यांचा पुडा फुटला.

"बरं," निहिरा म्हणाली, आणि आतल्या खोलीत निघून गेली.

खिडकीतली बाई तेवढी पांढरीफटक पडली होती.

वृषालीनं भाचीला जिन्यात गाठलं.

"निहू, तुला भुवनेश्वरला जायचंय ना?"

"जायचं होतं."

"होतं म्हणजे?"

"आत्ती, मला जे आवडतं आणि माझ्यासाठी जे बरं, ते एकच असतं असं कुठं सिद्ध झालंय? हे तूच म्हणाली होतीस टीव्हीवर. मी तीनदा बघितलं ते." निहिरानं कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखानं सोलला. "यंत्र तू बनवलंयस. तू मला कधी चुकीचं सांगितलंयस? नाही ना? मग."

 आपलंच वाक्य आपल्याच भाचीच्या तोंडून येऊन गालावर बसलं होतं. वृषाली खाली दुकानात भावाकडं गेली.

"सन्मती, ती जागा उद्यापर्यंत सोडू नकोस."

"अक्का, आता हे काय नवीन काढलंस? अख्ख्या राज्याला सांगत फिरतीस, यंत्राचं ऐका म्हणून. घरची पोरगी म्हटल्यावर ऐकू नका व्हय?"

"तसं नाही रे. प्रत्येक वेळी ते..."

"प्रत्येक वेळी काय?"

वृषालीनं जीभ चावली. "काही नाही," ती म्हणाली.

त्या 'काही नाही'मध्ये सगळं होतं. ते समजायचं तर यंत्राच्या पोटात शिरायला हवं.

यंत्रात ज्योतिष नव्हतं. एका साध्या युक्तीवर ते उभं होतं आणि त्या युक्तीवरच वृषालीनं तरुणपणी डॉक्टरेट मिळवली होती. समजा, एका कॉलेजची यादी अमुक टक्क्यांना बंद झाली. एका पोराला तेवढेच टक्के, दुसऱ्याला त्याहून केसभर कमी. दोघांच्या डोक्यात असा कितीसा फरक असणार? परीक्षेच्या दिवशी एकाला डास चावला असेल, एवढाच. पण एक आत गेला, दुसरा बाहेर राहिला. वीस वर्षांनी दोघांना पुन्हा गाठा. काय करतात, किती कमावतात, सुखानं झोपतात की नाही, बघा. जो फरक दिसेल तो त्यांच्या हुशारीचा नव्हे, त्या दारातून आत गेल्याचा. अशा लाखो जोड्या जमवल्या, प्रत्येक वाटेची खरी किंमत काढली, वर घरची परिस्थिती, गाव, आजारपणं असलं सगळं घातलं, आणि यंत्र तयार झालं. नव्या पोराला ते जुन्या पोरांत शोधायचं. हुबेहूब तुझ्यासारखे जे होते त्यांना कोणती वाट लाभली? ती तुझी.

झालं असं, की सगळेच यंत्राचं ऐकायला लागले, आणि यंत्र आंधळं होऊ लागलं. रोज एकाच हातची आमटी खाल्ली तर दुसरी कशी लागते हे जिभेला कळणार कुठून? सगळी पोरं सांगितल्या वाटेनं जाणार, न सांगितलेल्या वाटेवर चिटपाखरू नसणार, मग ती वाट एव्हाना बरी झालीय का वाईट, हे यंत्र शिकणार कुणाकडून? यावर वृषालीनंच औषध काढलं होतं. दर शंभर पोरांतल्या तिघांना यंत्राचं उत्तर द्यायचंच नाही. त्यांच्यासाठी फासा टाकायचा. सहा-सातशे अभ्यासक्रमांतला जो निघेल तो यंत्राच्याच आवाजात सांगायचा. त्या तिघांच्या जिवावर यंत्राची नजर शाबूत राहायची. होक्याच्या केंद्रातली माणसं याला चिमूट म्हणत. आमटीतल्या मिठाची असते तशी.

पालक फोनवर 'मला मान्य आहे' दाबत तेव्हा हे सगळं बारीक अक्षरात वर लिहिलेलं असे. वाचलेला माणूस अजून कुणाला भेटला नव्हता. चिमूट कुणाच्या ताटात पडली, हे वृषालीलाही कळत नसे. प्रत्येक पोराच्या नोंदीची रांग कुलपात राही, आणि कुलपाला दोन अंगठे लागत. एक तिचा, दुसरा केंद्रातल्याच मुल्लासरांचा. चिमटीबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, अशी दोघांनी शपथ घेतली होती. एकदा का लोकांना कळलं, की न आवडलेलं प्रत्येक उत्तर फाशाचंच वाटणार. मग कसलं यंत्र आणि कसलं काय.

आणि आता तिच्या भाचीच्या ताटात चिमूट पडली होती. तिची खात्रीच होती. असली गणिताची पोर, तिला यंत्र वृद्धसेवा सांगेलच कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केंद्रात पोचली तेव्हा फैयाज मुल्ला बशीत चहा ओतून फुंकत होते. संख्याशास्त्रात त्यांचा हात धरणारं राज्यात कुणी नव्हतं. पण चेहरा असा, की बँकेतले शिपाई त्यांना पेन्शनची रांग दाखवायचे.

"मुल्लासर, कुलपातली एक रांग उघडायचीय."

"कुणाची?"

"निहिराची."

मुल्लांनी बशी खाली ठेवली. "प्रवेश बंद व्हायच्या आधी? नियम कुणी केलाय, मॅडम?"

"मी."

"मग?"

"अपायाचं कलम आहे. मुलाला अपाय होतोय असं दोघांना वाटलं तर उघडता येतं."

"काय निघालंय पोरीला?"

"वृद्धसेवा."

"हा अपाय?" मुल्ला थंडपणे म्हणाले. "माझी बायको जन्मभर सिव्हिलला नर्स होती. घर तिनं चालवलं, म्हणून मी आकडे घेऊन बसू शकलो. घरी जाऊन सांगू तिला, की मॅडम तुला अपाय म्हणाल्या?"

 "काम वाईट असं मी म्हणत नाही. पण त्या पोरीनं ते निवडलं नाही, यंत्रानंही निवडलं नाही. फाशानं निवडलंय, आणि ती ते डोक्यावर घेऊन निघालीय. का, तर आत्तीचं यंत्र म्हणून!"

"या साली हजारो पोरांना फासा पडलाय. त्यांच्या आत्त्या कुठं हायेत, मॅडम?"

 वृषाली खुर्चीत बसली.  गेली कित्येक वर्षं ती सभांमधून सांगत आली होती, की थोड्यांची थोडी गैरसोय आणि सगळ्यांचं भलं. सभेत ते वाक्य फार गोंडस दिसायचं. आज त्यातल्या 'थोड्यां'ना शटरवर खडूनं लिहायची सवय होती.

"नाहीत," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्या आत्त्या नाहीत. आणि तरी मी उघडा म्हणतेय. माझं नाव लावा हवं तर चौकशीला."

मुल्लांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. मग उठले, हात पुसले. "उघडतो. पण दोन गोष्टी. अपाय हा शब्द तुमच्या आवाजात नोंदवायचा. आणि उघडलेली रांग बाद होते. या पोरीचं पुढं काय झालं ते यंत्र कधी मोजणार नाही. भली निघो, बुरी निघो, ती हिशेबातच नाही."

"कबूल."

दोन अंगठे टेकले. पडद्यावर एकच शब्द आला.

यंत्र.

वृषालीनं तो वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. फासा नव्हता. चिमूट नव्हती. यंत्रानं शुद्धीवर राहून, लाखो पोरं तपासून, निहिरा मगदूमला मिरज सांगितलं होतं.

"आता काय?" मुल्लांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता.

"कारण विचारते."

यंत्राला कारण विचारता येत असे. ते त्याच सपाट आवाजात बोललं. "अशा घरातल्या, असेच गुण मिळवलेल्या मुली दूर गेल्या, त्यांतल्या बहुतेक तिसऱ्या वर्षाच्या आत घरी परतल्या. परतल्यावर शिक्षण पुढं चाललं नाही. घराजवळ शिकलेल्या टिकल्या."

"परतल्या कशासाठी?"

"घरातलं आजारपण. सर्वांत जास्त वेळा आईचं."

 पुढचा प्रश्न वृषालीला ठाऊक होता आणि विचारायचा नव्हता. यंत्राला मुलगा-मुलगी कळूच नये, तो रकानाच काढून टाका, असं समितीतल्या काहींचं म्हणणं होतं. तेव्हा हीच बाई उभी राहून म्हणाली होती, की बाजार भेद करतो तो लपवून मुलींचं भलं होत नाही. टाळ्या पडल्या होत्या.

तिनं विचारलं. "हेच गुण. हेच घर. हीच आई. फक्त मुलगा."

"गणित," यंत्र म्हणालं. "भुवनेश्वर."

मुल्लांच्या बशीतला चहा निवून वर साय आली होती.

"फासा असता तर बरं झालं असतं हो, सर," वृषाली म्हणाली. "फासा बिचारा निष्पाप असतो."

"यंत्र चुकलं नाही, मॅडम."

"तेच तर."

परतताना रिक्षात तिला आपली चूक लख्ख दिसली. तिनं फक्त मार्क बघितले होते. मार्कांशी उत्तर जुळेना, म्हणून फासा. जन्मभर आकड्यांत राहून तिनं पोरीचे आकडे बघितले आणि ज्या घरात स्वतः वाढली ते घरच बघायचं विसरली. ती स्वतः शिकायला दिल्लीला गेली तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. तिला कुणी परत बोलावलं नाही. कारण सन्मती घरी होता. निहिराच्या पाठीवर सन्मती नव्हता.

आता जाऊन सांगायचं काय? खरं सांगावं, तर पोर म्हणणार, यंत्र म्हणतंय ना, मग झालं. त्याहून वाईट म्हणजे ती ते पटवून घेईल. रिक्षा शंभर फुटीला वळेपर्यंत वृषालीचा निर्णय झाला. जिच्या शब्दावर राज्य चालायचं ती बाई आयुष्यात पहिल्यांदा आपल्या यंत्राबद्दल खोटं बोलायला निघाली होती.

चार वाजून गेले होते. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. सन्मती एका पंपाच्या पोटात हात घालून तांब्याची तार ओढत होता. निहिरा पायरीवर बसली होती. शटर कोरं होतं.

"निहू, इकडं ये. आणि हे कुणाला सांगायचं नाही." वृषाली तिच्याशेजारी टेकली. "काल जे उत्तर आलं ते यंत्राचं नव्हतं. काही पोरांसाठी आम्ही फासा टाकतो, यंत्राची नजर तपासायला. तुला फासा पडला. यंत्र तुझ्याशी बोललंच नाही. तू भुवनेश्वरला जा."

निहिरा ऐकत राहिली. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली, गणित बघताना पडायची तीच.

"शंभरात कितींना?"

"तिघांना."

"आणि फाशात अभ्यासक्रम किती?"

"सगळे. सहाशे-सातशे."

"म्हणजे मला रत्नागिरीत जहाजाचं वेल्डिंग निघालं असतं. नाही तर गडचिरोलीत मधमाश्या."

"निघालं असतं की."

"आणि निघालं काय? घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आईच्या दुखण्याला बेतून शिवल्यासारखं." तिनं आत्तीकडं वळून बघितलं. "काल घरात एवढी माणसं होती. दचकलं कोण? पप्पा नाहीत. आई नाही. चौगुले काकू तर पेढ्यावर पेढा खात होत्या. मी पण नाही दचकले, आत्ती. वाईट वाटलं, पण दचकले नाही. फाशाचं उत्तर असतं तर सगळी गल्ली दचकली असती."

वृषालीनं नजर शटरकडं वळवली.

"तू उघडून बघितलंस ना?" निहिरानं हळू आवाजात विचारलं. "फासा नव्हता."

"नव्हता," वृषाली म्हणाली.

आतली तार ओढायची थांबली. सन्मती शटरखालून वाकून बाहेर आला. "म्हणजे यंत्रानंच सांगितलंय? मग विषय संपला की. अक्का, तू खोटं बोललीस? पोरीशी?"

"बोलले. आणि आता खरं बोलते, ऐक." वृषाली उठली. "यंत्रानं निहूबद्दल काही सांगितलेलं नाही. तुझ्याबद्दल सांगितलंय. त्रिशलाचं दुखणं वाढेल. तू फोन करशील, 'थोड्या दिवसांसाठी ये' म्हणशील, आणि पोर येईल. मग ते थोडे दिवस संपणार नाहीत. तिसरं वर्षही पुरं होणार नाही, म्हणतंय. आणि हिच्या जागी मुलगा असता तर गणित सांगितलं असतं. मी विचारून आले."

सन्मतीचा चेहरा लालबुंद झाला. "मला बघितलंय का त्या डबड्यानं कधी?"

"तुझ्यासारखे लाखभर बाप बघितलेत."

"लाखभर बाप गेले खड्ड्यात! मी काय त्यातला हाय? या रोडवर विचार कुणाला पण. मगदूम शब्दाला पक्का. मोटार जळाली तर पदरची तार घालून देतोय मी."

"मग दे शब्द. म्हण, हात मोडून पडलो तरी पोरीला बोलावणार नाही. एवढंच म्हण, यंत्र खोटं पडलं."

सन्मतीनं तोंड उघडलं.

रस्त्यावरून विटांचा ट्रॅक्टर गेला, मागच्या ट्रॉल्या गेल्या, धूळ खाली बसली. सन्मतीचं तोंड उघडंच होतं. माणूस शब्दाला पक्का होता, हीच पंचाईत होती. जो शब्द पाळता येईल की नाही याची खात्री नाही, तो त्याच्या तोंडून फुटेना. सकाळी त्रिशलाची वेणी तोच घालायचा. ते पुढं कसं होणार, हे त्याच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं. त्यानं मान खाली घातली.

"राहू दे, आत्ती," निहिरा म्हणाली. "यंत्र बरोबरच आहे. पप्पा बोलावतील. आणि मी येईन. न येऊन राहणार आहे होय मी?" तिनं खिशातून फोन काढला. भुवनेश्वरचा निळा चौकोन पडद्यावर होता, खाली 'पालकांचा अंगठा' असं लिहिलेलं, आणि कोपऱ्यात उरलेली मिनिटं भराभर उतरत होती. तिचं बोट 'जागा नको'वर गेलं.

"थांब गं."

जिन्यावर त्रिशला उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. कठड्याला कोपर टेकत, एकेक पायरी उतरत ती खाली आली.

"दुखणं कुणाचं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"तुझं."

"हात कुणाचे?"

"तुझे, पण ऐक की..."

"मग तुम्ही बहीण-भाऊ हिशेब करताय तो कुणाला विचारून? त्या यंत्रानं विचारलं का मला? काल एवढं घर भरलं होतं, कुणी विचारलं?" तिचा आवाज चढला नव्हता, पण रस्त्याच्या गोंगाटातून आरपार येत होता. "मला उठवायला-बसवायला माणूस लागेल ना? मिरजेच्या त्या कॉलेजातनं वर्षाला ढिगानं पोरी बाहेर पडतात, त्यातली एक ठेवा घरात. माझीच पोर कशाला पाहिजे त्याला? आण तो फोन."

"आई, अगं..."

"आण म्हटलं ना."

तिनं अंगठा काचेवर ठेवला. पडदा लाल झाला. अंगठा वाकडा, नुसती कड टेकत होती. परत ठेवला. परत लाल. कोपऱ्यातली मिनिटं संपून आता सेकंद उतरू लागले होते. त्रिशलानं दात आवळले आणि जोर लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगठा काही सरळ होईना.

वृषाली पुढं सरली आणि मध्येच थबकली. हे तिचं काम नव्हतं.

सन्मती जागचा हलला. तांब्याच्या तारेनं काळ्या पडलेल्या हातांनी त्यानं बायकोचं मनगट धरलं. केसाएवढी तार न तोडता गुंडाळणारी त्याची बोटं. त्यानं तिचा अंगठा दोन बोटांत घेतला, कणाकणानं सरळ केला आणि काचेवर टेकवून धरला.

पडदा हिरवा झाला.

 निहिरा तोंडावर दोन्ही हात घेऊन उभी होती. सन्मतीनं अंगठा अजून तसाच धरून ठेवला होता.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

"दुखतंय की," त्रिशला म्हणाली. "पण सोडू नका एवढ्यात."